परस्परावलंबन की नुसतं अवलंबित्व?

प्रश्न असा आलाय की 'इंटरडिपेंडन्स'ला परस्परावलंबनच म्हणायचं का, अवलंबित्व लिहिलं तर काय बिघडतं, आणि बोलताना तर 'परस्पर'चा अर्थ भलताच होतो ना?

शेवटची शंका आधी घेतो, कारण ती अगदी रास्त आहे. 'त्याने परस्पर फ्लॅट विकून टाकला' यात परस्पर म्हणजे आपल्याला न विचारता, मधल्याला वगळून. 'एकमेकांचं' हा संस्कृतातला अर्थ परस्परविरोधी, परस्परसंबंध अशा जोडशब्दांत टिकला आणि सुटा शब्द वेगळ्याच वाटेला लागला, म्हणून हा शब्द कायम जोडून लिहा, तोडलात की वाचणारा अडखळतो. अवलंबनातला 'लंब्' म्हणजे लोंबणं, लंबकही त्यातलाच.

अवलंबित्व मात्र एकतर्फी, म्हणून ते नको. आता मार्केट यार्डातल्या तेलाच्या डब्याचंच बघा ना. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यात पामतेलाचा वाटा मोठा, आणि २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. नुसतं आपल्या बाजूने पाहिलं तर याला परावलंबनच म्हणावं लागेल, पण तिकडे तेलाच्या टाक्या भरत गेल्या, तेलगिरण्यांनी पामची फळं घेणं कमी केलं, फळांचा भाव पडला, शेतकरी जकार्तात रस्त्यावर उतरले आणि २३ मे ला बंदी उठवावी लागली. म्हणजे घेणारा अडला तसा विकणाराही अडला, आणि हे दोन्ही बाजूंनी अडणं ज्यात येतं तो शब्द परस्परावलंबन. बातम्यांत एकच बाजू अडलेली असताना हा शब्द वापरतात ते मला खटकतं, तिथे सरळ अवलंबित्व म्हणा.

माणसामाणसांतल्या नात्यासाठी मला अजून आवडणारा शब्द आहे, सावड. मावळ-मुळशीकडे भातलावणीला आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्यात तुम्ही, मजुरीचा पैसा मधे नाही, आणि घेतलेली सावड फेडायची असते, हे कुणी सांगावं लागत नाही. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात अशाच कामाला पडकई म्हणतात. 'फेडणं' हे क्रियापद फार नेमकं आहे, मदत आणि उसनवारी दोन्ही त्यात येतं, जे परस्परावलंबन या लांबलचक शब्दात ऐकूच येत नाही.

तेलाच्या बातमीत सावड शोभणार नाही, तिथे परस्परावलंबनच ठेवा. पण शेजारी एकमेकांची मुलं सांभाळतात असं काही लिहिताय, तर बिनधास्त सावड लिहा.