हातघडणीचे सुरे: ओल, नक्षी आणि नऊ इंच

हातघडणीच्या आणि कोरीव सुऱ्यांच्या संग्रहाबद्दल आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिला बऱ्याच जणांनी विचारला आहे, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर दिलं आहे.

प्रश्न (माहीम): कार्बन स्टीलचे पाच सुरे चामड्याच्या म्यानात ठेवले आहेत. जुलैपासून पितळी बोल्स्टरच्या (पातं आणि मूठ यांमधल्या धातूच्या तुकड्याच्या) कडेला हिरवा चिकट थर येतो, पात्यावर तांबूस-काळे ठिपके पडतात. तेल लावूनही थांबत नाही.

उत्तर: दोष तेलाचा नाही, म्यानाचा आहे. कातडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार चामड्यात थोडेफार उरतातच. मुंबईच्या पावसाळ्यात ते हवेतली ओल शोषतं आणि ती पात्याला लागून राहते. हिरवा थर वेगळ्या कारणाने येतो: चामड्यातली चरबी आणि पितळेतलं तांबं यांचा संयोग होऊन तो साचतो. घरी सुरा आणि म्यान वेगळे ठेवा. म्यानाला चिठ्ठी बांधा, म्हणजे जोड्या चुकणार नाहीत.

हिरवा थर बांबूच्या टूथपिकने काढा. नक्षीच्या खाचेत जाण्यासाठी टूथपिकचं टोक ठेचून मऊ करून घ्या. मग कापसाच्या बोळ्यावर मिनरल टर्पेंटाइन घेऊन पुसा. चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर कृपा करून लावू नका. आम्ल खाचेत राहून पुढचं नुकसान करतं आणि पावडरीने नक्षीच्या कडा गोल होतात. गोल झालेली कड परत येत नाही, आणि कोरीव कामाचा सगळा उठाव त्या कडेतच असतो.

तांबूस ठिपका ताजा असतो. त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब रात्रभर ठेवा आणि सकाळी बांबूने किंवा पितळेच्या तुकड्याने हलकेच खरवडा. पात्याला साधं सॅटिन फिनिश असेल तर चार शून्य नंबरची (अगदी बारीक) स्टील वूल फिनिशच्या रेघांच्या दिशेने फिरवता येते. पातं आरशासारखं पॉलिश केलेलं किंवा दमास्कसचं (थर जोडून घडवलेल्या, नक्षीदार पोलादाचं) असेल तर ती लावूच नका. बोटाला न लागणारा, बसून गेलेला काळा डाग निरुपद्रवी असतो; तो तसाच राहू द्या.

त्यानंतर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या आणि पाच मिनिटांनी सुती कापडाने चोळा. खाचांत उरलेलं मेण पुढे पांढरं दिसतं, ते मऊ ब्रशने लगेच काढा. यापुढे सुरा सुती हातमोज्यांनीच हाताळा, कारण घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजून उमटतात. स्वयंपाकघरात वापरायच्या सुरीला मेणाऐवजी औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन लावा. खोबरेल खवट होतं आणि शेंगदाण्याचं तेल चिकट होऊन धूळ धरतं.

ठेवण्यासाठी झाकणाला रबरी कड असलेला हवाबंद डबा घ्या. दहा लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. आकडा ४५ ते ५० टक्क्यांत राहू द्या. तो ४० च्या खाली गेला तर लाकडी मूठ आक्रसते आणि रिव्हेट बोटाला लागू लागतात, म्हणून जेलचा मारा करू नका. जेलचे केशरी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास ठेवून पुन्हा वापरा. एमडीएफच्या ड्रॉवरमध्ये सुरे उघडे ठेवू नका. त्या लाकडातून आम्लाची वाफ निघत राहते.

प्रश्न (गिरगाव): विक्रेता ‘हाताने कोरलेलं’ आणि ‘अस्सल दमास्कस’ म्हणतो. खात्री कशी करायची?

उत्तर: झवेरी बाजारात हिरे पाहायचं दहापट भिंग मिळतं, ते घ्या. हाताने ग्रेव्हर (कोरायचं टोकदार हत्यार) चालवला की धातू कापला जातो. खाचेच्या बाजू उतरत्या आणि चकचकीत असतात. वळणावर कारागीर हत्यार कलतं करतो, त्यामुळे रेघ तिथे रुंदावते आणि पुढे बारीक होत होत संपते. लेझरच्या रेघेचा तळ खरखरीत, करपलेला असतो आणि रुंदी शेवटपर्यंत सारखी. ॲसिडने काढलेल्या नक्षीचा तळ सपाट आणि धुरकट दिसतो. ओतीव नक्षीत सुईच्या टोकाएवढी छिद्रं आणि बोथट कडा सापडतात. लेझरचं काम घ्यायला हरकत नाही, पण त्याला हातकामाचा भाव देऊ नका.

दमास्कसमध्ये दोन पोलादांचे थर भट्टीत घडवून एकजीव करतात, बहुधा १०८४ ग्रेडचं कार्बन पोलाद आणि निकेल असलेलं १५एन२०. फेरिक क्लोराइडमध्ये बुडवल्यावर पहिलं काळं पडतं, दुसरं उजळ राहतं. हे थर आरपार असल्याने नक्षी पात्याच्या पाठीवरून (धारेच्या विरुद्ध बाजूच्या कडेवरून) पलीकडे सलग जाते. पाठ कोरी दिसली तर ती नंतर घासलेलीही असू शकते. तेवढीच जागा पुन्हा एच करून (फेरिक क्लोराइड लावून) दाखवायला सांगा. खऱ्या पात्यावर नक्षी परत उमटते, वरवर छापलेल्यावर उमटत नाही. दक्षिण भारतातलं जुनं वुट्झ याहून वेगळं. ते मुशीत वितळवलेलं पोलाद, त्यात थर नसतात. त्यावरची लाटांसारखी नक्षी कार्बाइड कणांच्या रांगांमुळे दिसते.

प्रश्न (मुलुंड): कारागिराकडून कोरीव सुरा करून घ्यायचा आहे. नक्षी कोणत्या टप्प्यावर करावी?

उत्तर: आमचं मत, नक्षी बोल्स्टरवर घ्या. पाणी दिलेलं (तापवून झटकन थंड करून कठीण केलेलं) पातं रॉकवेल या कठीणपणाच्या मापावर ५८ ते ६० असतं आणि त्यावर ग्रेव्हरचं टोक तुटतं. पात्यावरच हवी असेल तर पाणी देण्याआधी कोरावी लागते. मग भट्टीतून आलेली खपली घासून काढताना बारीक रेघा उथळ होतात. सौम्य पोलादाचा किंवा जर्मन सिल्व्हरचा (तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचा) बोल्स्टर छान कोरला जातो.

क्रम चुकला की काम बिघडतं. आधी बोल्स्टर बसवून शेवटच्या पॉलिशपर्यंत न्यायचा. मुठीच्या फळ्या बेतून घ्यायच्या, पण चिकटवायच्या नाहीत. मग कोरीव काम, आणि सगळ्यांत शेवटी मूठ चिकटवायची. मूठ घासून बोल्स्टरच्या पातळीला आणायचं काम नक्षीनंतर राहिलं, तर कडेची वेल अर्धी घासली जाते.

पोलादाचा ग्रेड, कठीणपणा, पात्याची लांबी आणि जाडी लिहून घ्या. मूठ चिकटवण्याआधी पात्याच्या मुठीत जाणाऱ्या पट्टीचा फोटोही मागा. कमकुवत जोड तिथेच लपतो. मुठीला सांबरशिंग किंवा हस्तिदंत देतो म्हणाला तर साफ नकार द्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांचा व्यापार गुन्हा आहे. म्हशीचं शिंग, उंटाचं हाड किंवा मायकार्टा (कापड आणि राळ दाबून केलेलं साहित्य) यांच्या मुठी उत्तम होतात.

प्रश्न (परळ): असे सुरे घरी ठेवायला परवाना लागतो का? लोकलने नेता येतील का?

उत्तर: शस्त्र कायदा, १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. अशा शस्त्रांना परवाना कुठे लागतो हे कलम ४ खालच्या केंद्राच्या अधिसूचनेवर ठरतं. नवीन सुरा करून घेताना पातं या मापाच्या आत ठेवलेलं बरं. बाळगून फिरण्याचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मुंबईत वेळोवेळी मनाईचे आदेश निघतात आणि त्यांत सुऱ्यांचा नावानिशी समावेश असतो. त्यामुळे सुरा कोरीव कामाला न्यायच्या आधी जवळच्या पोलीस ठाण्यात आदेश लागू आहे का ते विचारा. कमरेला किंवा खिशात लावून तो कधीही नेऊ नका.