क्विझमध्ये आमचे टाइप वेगळे आले, आता काय?

प्रश्न: ताई, आम्ही कॉलेजात नुसते मित्र होतो, गेल्या वर्षीपासून रिलेशनशिपमध्ये आहोत. 'तुझ्याशिवाय करमत नाही' वगैरे तो कधीच बोलत नाही. मेसेज टाकला की ब्लू टिक येते आणि रिप्लाय दोन तासांनी, तोवर माझा जीव टांगणीला. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री वाटलं फोनवर काहीतरी गोड बोलेल, तर हा घरी येऊन माझी सर्टिफिकेटं वर्षाप्रमाणे फाइलला लावून गेला! प्रेमाचा टाइप सांगणारी ऑनलाइन क्विझ केली, माझं 'मॅनिया' आलं, त्याचं 'प्रॅग्मा' (त्याची मीच भरली). आमचं जमणार नाही का? की त्याचं प्रेमच कमी आहे?

उत्तर: अगं, त्याची क्विझ तूच भरलीस, म्हणजे उत्तरं तुझ्या रागाची आली, त्याची नाही!

हे टाइप कुठून आले ते सांगते. जॉन ॲलन ली नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकाने 1973 साली प्रेमाच्या सहा तऱ्हा मांडल्या. इरॉस म्हणजे बघताक्षणी ओढ, ल्यूडस म्हणजे खेळ, स्टॉर्गी म्हणजे मैत्रीतून हळूहळू वाढलेलं प्रेम, या तीन मूळ, आणि रंग मिसळावेत तशा यांच्यातून मॅनिया म्हणजे जीव टांगणीला लावणारं प्रेम, प्रॅग्मा म्हणजे हिशोबी प्रेम आणि अगापे म्हणजे निरपेक्ष देणं. पुढे 1986 मध्ये हेंड्रिक या संशोधक दांपत्याने 42 वाक्यांची प्रश्नावली केली, प्रत्येक तऱ्हेला 7 वाक्यं आणि प्रत्येकीचा स्कोअर वेगळा, म्हणजे एकाच माणसात सगळंच कमीजास्त निघतं, एकच शिक्का मारून मोकळं होणं हे तुझ्या क्विझवाल्यांचं काम.

आता तुझा हा. प्रॅग्मावाला आधी हिशोब मांडतो, नोकरी कशी, घरचे कसे, सवयी जुळतील का. फाइल लावून देणारा मला तरी तसा वाटत नाही, तो स्टॉर्गीकडचा वाटतो, आधी मित्र होता आणि अजून मित्रासारखाच वागतोय, फक्त तुला आता मित्र नकोय. अशा लोकांना आपण प्रेम 'दाखवत' नाही हे कुणी सांगेपर्यंत कळतच नाही बघ.

आणि मॅनिया हे नाव ऐकून घाबरू नकोस, इथे तो काही आजार नाही. सारखी खात्री हवी असणं, जरा उशीर झाला की मनात भलतेसलते विचार, लगेच जेलसी, ही त्याची लक्षणं. पण लीचं म्हणणं असं की माणूस प्रत्येक नात्यात एकाच तऱ्हेने प्रेम करतो असं नाही, तेव्हा हे तुझ्या कपाळावर लिहिलेलं नाहीये. फक्त ही धाकधूक याच्याच बाबतीत होते की आधीपासूनच कुणाच्याही बाबतीत होते, एवढं स्वतःला विचार.

सावध राहायचं ते ल्यूडसवाल्यापासून. तोही उशिरा रिप्लाय देतो पण पुढच्या प्लॅनचा विषय काढला की सटकतो, मित्रमंडळींना तुझ्याबद्दल सांगत नाही, तुला जरा लटकवत ठेवायला त्याला आवडतं. तुझ्या पत्रात यातलं काहीच दिसलं नाही.

तर त्याला सरळ सांग, 'कामात असलास तर नुसतं नंतर बोलतो एवढं टाक.' अंदाज बांधायला लावू नकोस, त्याला ते जमणार नाही. आणि ब्लू टिक सेटिंगमधून बंद करता येते गं, आपली बंद केली की समोरच्याचीही दिसत नाही.