परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी व्याकरण शिकवताना तास कसा आखावा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: यवतमाळ जिल्ह्यातल्या गावातून तुम्ही व्हिएतनाम आणि ब्राझीलच्या मोठ्या माणसांना ऑनलाइन इंग्रजी शिकवता, त्यांची पातळी बी-1 आहे, गप्पांच्या तासाला सगळे बोलतात आणि व्याकरण काढलं की एकेक कॅमेरा बंद होतो. मी हिंगणघाटजवळून हेच काम करते. आधी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे दोन्हीकडचा फरक चांगलाच कळतो.

बी-1 वाल्याला नियम माहीत असतो, आखणी इथूनच सुरू करा. भाषा किती येते हे मोजायला कौन्सिल ऑफ युरोपने 2001 साली ए-1 ते सी-2 अशा सहा पायऱ्या मांडल्या, बी-1 ही त्यातली तिसरी. या पायरीवरचा माणूस प्रवासात अडत नाही, घडलेली गोष्ट सांगतो, आपलं मत कारणासकट मांडतो. प्रेझेंट परफेक्टचा फॉर्म्युला त्याने शाळेतच पाठ केलेला असतो. तुम्ही पुन्हा 'हॅव अधिक व्ही-3' लिहिलं की तो कंटाळणारच. त्याला प्रेझेंट परफेक्ट आणि सिंपल पास्ट ही दोन्ही रूपं येतात, पण बोलताना कुठलं घ्यायचं तिथे तो अडतो. म्हणून 'आज प्रेझेंट परफेक्ट' असा तास आखू नका. 'आज या दोन रूपांतला फरक' असा आखा, आणि एका तासाला एकच फरक घ्या.

आपल्या हाडीमासी 'डू ॲज डायरेक्टेड' मुरलंय. चेंज द व्हॉइस, रिमूव्ह टू, नॉट ओन्ली बट ऑल्सो वापरून वाक्य पुन्हा लिहा. बोर्डाच्या पेपरात त्याने मार्क मिळतात, पण हनोईतल्या हॉटेलात रिसेप्शनवर उभ्या असलेल्या मुलीला त्याचा काडीचा उपयोग नाही. तिला कोणी वाक्य देऊन 'बदल' म्हणणार नाही, वाक्य तिलाच तयार करायचंय.

मी एक तास कसा घेते ते सांगते. सुरुवातीला चॅटमध्ये दोनच वाक्यं टाकते: 'शी लिव्ड इन दा नांग फॉर फाइव्ह इयर्स' आणि 'शी हॅज लिव्ड इन दा नांग फॉर फाइव्ह इयर्स'. नियम सांगत नाही. विचारते, आज तिला दा नांगच्या पत्त्यावर पार्सल पाठवलं तर कुठल्या वाक्यातल्या बाईला मिळेल? थोडा वेळ शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतं दोघींना, दुसरं म्हणतं पहिलीला, आणि वाद सुरू होतो. तो होऊ द्यावा. पार्सल दुसरीला मिळेल, कारण ती अजून तिथेच आहे, हे त्यांच्याच तोंडून आलं की एक आडवी रेघ काढते: पहिल्या वाक्याचा तुकडा मागेच संपतो, दुसऱ्याचा आजपर्यंत येऊन टेकतो. समजावणं एवढंच. 'समजलं का?' हे कधी विचारू नका. मान सगळेच हलवतात, आपल्याकडेही आणि तिकडेही. त्याऐवजी अर्थाला धरून, हो-नाहीत किंवा एका शब्दात उत्तर येईल असे प्रश्न विचारा: ती आता कुठे आहे? पाच वर्षं संपली का? या धंद्यात त्यांना सीसीक्यू, म्हणजे कन्सेप्ट चेकिंग क्वेश्चन, म्हणतात. तासाच्या तयारीतला माझा निम्मा वेळ हे प्रश्न लिहिण्यातच जातो, कारण बोलता बोलता सुचलेला प्रश्न हमखास लांबलचक होतो.

यानंतर रिकाम्या जागांची सहा-सात वाक्यं पुरतात. उरलेला अर्धा तास त्यांना एकमेकांच्या मुलाखती घेऊ द्या: हे कधी केलंयस का, आणि 'हो' आलं तर कधी, कुठे, कोणाबरोबर. पहिला प्रश्न परफेक्टमध्ये आणि पुढचे पास्टमध्ये आपसूक येतात. रूप बदलण्याची गरज संभाषणातूनच निर्माण होते, तुम्हाला सांगावं लागत नाही.

अमेरिकन मालिका बघणारा एखादा 'डिड यू ईट यट?' घेऊन येईलच. ते चूक आहे असं म्हणू नका. अमेरिकन बोलण्यात ते सर्रास चालतं, ब्रिटिश माणूस तिथे 'हॅव यू ईटन यट?' म्हणेल.

तुमच्या दोन देशांबद्दल थोडं. व्हिएतनामी भाषेत क्रियापदाचं रूप काळानुसार बदलत नाही, काळ वेगळ्या शब्दाने किंवा संदर्भाने कळतो. शिवाय इंग्रजी शब्दाच्या शेवटची व्यंजनं त्यांच्या तोंडून गळतात. त्यामुळे 'आय वर्क यस्टरडे' ऐकलं की चूक व्याकरणाची की उच्चाराची, हे कानाला कळत नाही. तेच वाक्य चॅटमध्ये टाइप करायला सांगा. तिथे 'वर्क्ड' आलं तर व्याकरण ठीक आहे आणि इलाज जिभेवर करायचाय. ब्राझीलवाले मात्र आपल्याच वळणाचे. 'मी तीन वर्षांपासून इथं राहते' हे आपण वर्तमानकाळात म्हणतो, पोर्तुगीजमध्येही तसंच म्हणतात, आणि मग दोघंही इंग्रजीत 'आय लिव हिअर' करून मोकळे होतात. ब्राझीलवाले वाक्यातला कर्ताही गाळतात, 'इट' न लावता नुसतं 'इज रेनिंग' म्हणतात. वयसुद्धा त्यांच्या भाषेत 'असण्या'ने नाही, 'जवळ असण्या'ने सांगतात, म्हणून 'आय हॅव थर्टी इयर्स' ऐकू आलं तर दचकू नका.

पॅसिव्हला 'रामाने रावणाला मारलं' उलटवत बसू नका. कापूस घ्या. तुमच्याकडे पऱ्हाटी उभी आहे आणि त्यांना ते बघायचंच असतं. मी मोबाइलवर काढलेले चार फोटो दाखवते: वेचणी, गाडीत भरलेला कापूस, जिनिंग, बांधलेल्या गाठी. कापूस वेचला जातो, मार्केटला नेला जातो, जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी केली जाते, रुईच्या 170 किलोच्या गाठी बांधल्या जातात, सरकीचं तेल काढलं जातं आणि उरलेली ढेप जनावरांना घातली जाते. कोण वेचतं हे इथे महत्त्वाचं नाही, कापसाचं काय होतं हे महत्त्वाचं. पॅसिव्ह वापरायचं ते यासाठीच, आणि हे सांगायलाही लागत नाही. मग त्यांना त्यांच्याकडची प्रक्रिया सांगायला लावा. ब्राझीलचा कॉफी सांगेल, व्हिएतनामचा भात सांगेल किंवा तोही कॉफीच सांगेल.

चुका बोलताना तोडू नका. वहीत टिपून ठेवा, शेवटची दहा मिनिटं राखा, पाच-सहा वाक्यं नावं न घेता दाखवा आणि दुरुस्त त्यांनाच करू द्या. त्यात दोन बरोबर वाक्यं मुद्दाम घुसवा, म्हणजे नीट वाचतात.

आपल्या स्वतःच्या इंग्रजीकडेही लक्ष ठेवा. 'आय पास्ड आउट इन 2015' म्हटलं की परदेशी माणसाला तुम्ही चक्कर येऊन पडलात असं वाटतं. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'डिस्कस अबाउट', 'सिन्स थ्री इयर्स' हे आपल्या कानाला इतकं बरोबर वाटतं की विद्यार्थ्याच्या तोंडून आलं तरी निसटून जातं. म्हणून मी तासाची वाक्यं आधी लिहून, डिक्शनरीत बघूनच टाकते. आर्टिकलच्या बाबतीत मात्र आपली बाजू वरचढ आहे. मराठीत ती नाहीतच, त्यामुळे पुढे जपानी किंवा रशियन विद्यार्थी आले तर 'अ' आणि 'द' का छळतात हे तुम्हाला लंडनच्या मास्तरापेक्षा लवकर कळेल.

वेळेचं म्हणाल तर हनोईतले रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेसहा, आणि साओ पाउलोत सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन. दोन्ही गट एका दिवसात बसतात. लाइन गेली की वाय-फाय जातं आणि तास मोबाइलच्या डेटावर ओढावा लागतो. म्हणून जड स्लाइड टाळा, आणि तासाची सगळी वाक्यं एका साध्या फाइलमध्ये ठेवा, तिथून चॅटमध्ये चिकटवता येतात.