मित्रांबरोबर शनिवार-रविवार लिस्बनला जाणार आहोत. चढउतार झेपतील का, आणि दोन दिवसांत काय पाहावं?

दोन दिवस पुरतात, फक्त लिस्बनजवळच्या सिंत्रा या गावाचा मोह सोडा. तिथल्या राजवाड्यांच्या रांगेतच एक दिवस जातो.

तुम्ही लिहिलंय की सहा जण आहात, एकाचा गुडघा दुखरा आहे, एक जण पूर्ण शाकाहारी आहे आणि रविवारी रात्रीचं परतीचं विमान आहे. आमची टोळीही साधारण अशीच होती. सगळे नेदरलँड्समधले नोकरदार, सपाटीवर सायकली हाणून चढाची सवय मोडलेले. त्यात एक वसईची मैत्रीण आणि एक सातारकर, जो लहानपणी अजिंक्यतारा रोज चढायचो म्हणून वाटेत सगळ्यांना धीर देत होता. दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी तोच खाली बसला, ते असो.

इंटरनेटवरचे बहुतेक ‘दोन दिवसांत लिस्बन’ कार्यक्रम नकाशावर अंतर मोजून केलेले असतात. सकाळी किल्ला, मग समोरच्या टेकडीवरचं शियादु, संध्याकाळी परत किल्ल्याच्या बाजूला, ग्रासा भागातला देखावा पाहायचा कठडा. नकाशावर ही ठिकाणं हाकेच्या अंतरावर दिसतात, पण मध्ये दरी आहे आणि ती प्रत्येक वेळी उतरून चढावी लागते. मित्रांमध्ये कुरबुरी सुरू होतात त्या इथेच. म्हणून एक दिवस एका बाजूला द्या. सकाळी एकदा वर जायचं, तेही शक्यतो यंत्राने, आणि मग उंची न सोडता कडेकडेने हिंडायचं.

शहराची ठेवण अशी: मध्ये बायशा हा सपाट भाग, पूर्वेला किल्ल्याची टेकडी, अल्फामा आणि ग्रासा, पश्चिमेला शियादु आणि बायरु आल्तु, दक्षिणेला तेजो नदीचं समुद्राला मिळणारं रुंद पात्र. बायशाचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत, त्याचं कारण 1 नोव्हेंबर 1755 चा भूकंप. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं भरलेली आणि मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंपामागोमाग समुद्राच्या लाटा आल्या आणि मग कित्येक दिवस आग. पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने खालचा भाग नव्याने आखून घेतला. नव्या घरांच्या भिंतींच्या आत लाकडी फुल्यांचा पिंजरा बसवला, म्हणजे जमीन हलली तरी घर लवचीक राहील. त्याचा नमुना उभारून शेजारून सैनिकांना पाय आपटत चालवलं आणि तो टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात. अल्फामा मात्र बरंचसं वाचलं, म्हणून तिथे अजून बोळ आणि पायऱ्यांचा गुंता आहे.

शनिवार पूर्वेच्या टेकडीला द्या. बायशातल्या रुआ दुश फांकेरुश या रस्त्यावर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. तिने वरच्या रस्त्याला निघायचं, दोन मिनिटं चालायचं, आणि शांव दु लोरेइरु या जुन्या मंडईच्या इमारतीतली दुसरी लिफ्ट पकडायची. या इमारतीत आता वाहनतळ आणि सुपरमार्केट आहे, त्यामुळे पाणी, फळं तिथेच घेता येतात. बाहेर पडलात की किल्ल्याच्या पायथ्याशी. पर्यटक शेजारच्या चढावर धापा टाकत असतात.

किल्ला आतून पाहावा का? माझं मत नाही. जे दिसतं त्यातलं पुष्कळसं 1938 ते 1940 च्या दरम्यान हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत नव्याने बांधून काढलेलं आहे, आणि राजगड-रायगड पाहिलेल्या माणसाला त्या तटबंदीचं अप्रूप वाटणं कठीण. तिथून दिसणारा देखावा पोर्ताश दु सोलच्या कठड्यावरून फुकट दिसतो. तिथून साओ व्हिसेंतकडे चाला. चर्चच्या मागे मंगळवारी आणि शनिवारी फेरा द लाद्रा हा जुना बाजार भरतो. जुनी नाणी, पितळी कड्या, बिनजोड कपबश्या, कुणाच्या तरी घरचे लग्नाचे फोटो. निळ्या-पांढऱ्या जुन्या फरश्याही मिळतात, पण त्या घेऊ नका. इमारतींच्या दर्शनी भिंतींवरून उपटून विकण्याचा तिथे मोठा त्रास आहे.

तिथून थोडा चढ चढलात की ग्रासा. आणखी वर सेन्योरा दु मोंतचा कठडा, शहरातल्या उंच कठड्यांपैकी एक. सूर्यास्ताला गर्दी उसळते, म्हणून दुपारीच जाऊन या आणि उतरायला 28 नंबरची ट्राम धरा.

या ट्रामबद्दल दोन शब्द. ती पाहण्यासारखी आहे यात वाद नाही, पण मार्तीं मुनीशच्या थांब्यावरची रांग बघून पोटात गोळा येतो. दुसऱ्या टोकाला, कांपु द ओरीक बाजूच्या स्मशानापाशी, सकाळी लवकर गेलात तर बसायला जागा मिळते. डबा एकच आणि आखूड, कारण इतक्या तीव्र चढांवर आणि वळणांवर लांब गाडी बसतच नाही. एश्कोलाश जेराइशच्या बोळात रूळ एकेरी होतात. समोरून गाडी आली तर एकीला सिग्नलपाशी थांबावं लागतं, आणि पायी चालणारे पोट आत घेऊन भिंतीला चिकटतात. खिडकीतून हात बाहेर काढलात तर भिंतीचा चुना बोटाला लागेल, म्हणून काढू नका. आणि पाकीट पुढच्या खिशात. या ट्रामवर पाकीटमारांचा धंदा जोरात चालतो.

गुडघ्याचा खरा वैरी उतार आहे, हे सह्याद्रीत हिंडलेल्यांना सांगायला नको. त्यात लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या लहान लहान चौकोनी तुकड्यांचे, पायाखाली घासून आरशासारखे झालेले. पावसाची एक सर आली की घसरगुंडी. रबरी, पकड असलेले बूट न्या. दुखऱ्या गुडघ्याच्या मित्राने चढ चालला तरी चालेल, उतार ट्रामने. पश्चिमेच्या टेकडीसाठी बायशा-शियादु मेट्रो स्टेशनचे सरकते जिने वापरा. खालच्या दाराने शिरायचं, वरच्या दाराने थेट शियादुच्या चौकात. तिकिटाची फाटकं मध्ये येत नाहीत. रुळांवरून चढणाऱ्या जुन्या फ्युनिक्युलर गाड्यांवर बेत आखू नका. सप्टेंबर 2025 मध्ये ग्लोरिया मार्गावर केबल तुटून 16 माणसं गेली, त्यानंतर त्या बंद ठेवल्या होत्या. निघण्याआधी एकदा पाहून घ्या.

बायशातल्या रोसियो चौकाजवळचं साओ दोमिंगुश चर्च मात्र चुकवू नका. पाच मिनिटांचं काम आहे. 1959 मध्ये ते आतून जळालं. छत नवं केलं, पण खांब तसेच ठेवलेत: तडकलेले, कोपरे उडालेले, दगडाचे थर सुटलेले. बाहेरच्या चौकात 1506 मध्ये जमावाने मारलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. त्याच चौकात चेरीच्या आंबट-गोड दारूचे घोट घेत माणसं उभी असतात.

शाकाहारी मित्राचं कसं होणार? हाल होणार नाहीत, पण चौकशी करावी लागेल. काल्दु व्हेर्द हे हिरव्या पानांचं बटाट्याचं सूप निरागस दिसतं, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती असते. नाश्त्याच्या काउंटरवर काचेमागे समोसा दिसेल, नाव शामुसा. तो गोवा आणि मोझांबिकमधल्या भारतीयांबरोबर तिथे पोचला आणि आत बहुधा खिमा असतो. पास्तेल द नाता या कस्टर्डच्या गोड पेस्ट्रीत अंड्याचं पिवळं असतं, तेव्हा अंडं न खाणाऱ्याने लांबूनच वास घ्यावा. बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, कुणी वाईट वाटून घेत नाही.

सोपा उपाय मार्तीं मुनीश. तिथे आणि शेजारच्या रुआ दु बेनफोर्मोझुवर बांगलादेशी, नेपाळी, भारतीय दुकानं आणि खानावळी आहेत. डाळभात, चपाती, हिरव्या मिरच्या, सगळं मिळतं. हा भाग पूर्वी बदनाम होता. मडगावच्या घराण्यातले अंतोनियु कॉश्ता लिस्बनचे महापौर असताना 2011 मध्ये त्यांनी आपलं कार्यालयच जवळच्या इंतेंदेंतमध्ये हलवलं. पुढे ते पंतप्रधान झाले.

रविवारी सकाळी 15 नंबरच्या ट्रामने बेलेंला जा. नदीकाठचा सपाट भाग, गुडघ्याला सुट्टी. बेलेंचा बुरूज बाहेरून पाहिला तरी चालतो, पण त्याच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या सज्जाखाली मान वर करून नीट बघा. झिजलेलं, नाकपुड्या असलेलं एक दगडी तोंड दिसेल. तो गेंडा आहे. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला दिला, त्याने गोव्याहून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला आणि 1515 च्या मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावायचा घाट घातला, तर हत्तीच पळून गेला. मग पोपला भेट म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात जखडलेला गेंडाही गेला. आम्ही त्याला बराच वेळ शोधत होतो, सापडला तो सातारकराला.

बेलेंमधल्याच जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये दाराजवळच वास्को द गामाची कबर आहे. तो 1524 मध्ये कोचीला वारला, अवशेष नंतर पोर्तुगालला आणले. कोरीवकाम देखणं आहे, दोरखंडांचे पीळ आणि जहाजं. पण 1502 मध्ये हजहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळणारा हाच, ही गोष्ट डोक्यातून जात नाही. आमची वसईकर मैत्रीण तिथे वेगळ्याच विचारात होती. तिच्या गावावर दोनशे वर्षं इथून राज्य चाललं, आणि चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा देवळांमध्ये गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा ती लहानपणापासून पाहत आली आहे. बाहेर येऊन म्हणाली, “यांच्याकडे आमचं काय काय आहे ते बघायला आले, पण यांचंही आमच्याकडे बरंच आहे की.”

फादु, म्हणजे इथलं पारंपरिक व्याकूळ गाणं, ऐकायचं असेल तर शनिवारी रात्री, आणि जागा आधी राखून. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात आणि कुजबुजही चालत नाही. सहा जणांच्या टोळक्याला हे जड जातं, त्यामुळे ज्यांना गप्पा मारायच्या आहेत त्यांनी बाहेरच बसावं. मित्रांच्या सहलीत सगळ्यांनी सगळीकडे एकत्र जायलाच हवं असं काही नाही.

मुक्काम बायशात किंवा मेट्रोजवळ घ्या. अल्फामातली घरं फोटोत गोड दिसतात, पण चाकाची बॅग घेऊन त्या पायऱ्या चढून बघा. महापालिकेचा पर्यटक कर माणशी एका रात्रीला 4 युरो असतो, तो बहुधा भाड्याच्या वर. प्रवासाचं कार्ड प्रत्येकाला स्वतंत्र लागतं, एकाच कार्डावर सहा जण जाता येत नाही.

रविवारी संध्याकाळी वेळ उरला तर काइश दु सुद्रेहून नदीपलीकडच्या कासील्याशला फेरीबोट घ्या. दहाएक मिनिटांचा प्रवास, तोही त्याच कार्डावर, आणि शहराच्या सगळ्या टेकड्या एका रांगेत दिसतात. परत आलात की तिथूनच हिरवी मेट्रो, अलामेदाला बदलून लाल. ती थेट विमानतळात नेऊन सोडते.