थेरपीत जमतं, घरी जमत नाही

स्ट्रोकनंतर पुनर्वसनासाठी येणाऱ्या पेशंटच्या घरच्यांकडून एक तक्रार मला सारखी ऐकू येते: "फिजिओथेरपिस्टसमोर सगळं नीट करतात, घरी आले की काही जमत नाही." यापुढे काही जण म्हणतात, "मनावरच घेत नाहीत," आणि काही जण म्हणतात, "या व्यायामाचा उपयोगच नाही." मी पुनर्वसन विभागात समुपदेशक आहे. व्यायाम करून घेणं माझं काम नाही. पण या दोन वाक्यांमुळे घराघरांत जे वाद पेटतात, ते शेवटी माझ्याकडे येतात. त्यातलंच एक कुटुंब इथे मांडते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काका व्यवसायाने शिंपी. वय साठीच्या पुढे. स्ट्रोकनं उजवी बाजू कमजोर झाली होती. बोलणं मात्र वाचलं होतं. मुलगी त्यांना घेऊन आली ती थेरपिस्ट बदलून मिळावा म्हणून. तिचं म्हणणं तिने मुद्देसूद सांगितलं. सुरुवातीला थेरपिस्ट बाबांना हात धरून उठवायच्या, प्रत्येक हालचाल सुधारायच्या, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून घ्यायच्या. बाबा खुर्चीतून छान उठायला लागले होते. आणि आता? "आता त्या समोर नुसत्या बसून असतात. कधी उंच खुर्ची, कधी बुटकं स्टूल, मध्येच हाताचा व्यायाम, मध्येच चालणं. बाबा चुकतात तरी लगेच बोलत नाहीत. पूर्वीपेक्षा जास्त अडखळायला लागलेत ते. आणि घरी तर पलंगावरून उठायलाही आईला हाक मारतात."

काका इतका वेळ खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, "हिला वाटतं मी ढोंग करतो."

मुलगी रडायलाच लागली. तिच्या तोंडून तसं कधीतरी गेलं होतं, रागाच्या भरात.

अशा वेळी आधी सांत्वन करावं की आधी माहिती द्यावी, हा प्रश्न मला नेहमी पडतो. इथे मी माहितीची बाजू घेतली. माझा अनुभव असा की "तुमच्या भावना समजतात" या वाक्याने घरातला संशय जात नाही. वडील ढोंग करत नाहीत हे तिला पटायला हवं होतं, आणि पटण्यासाठी कारण हवं होतं. काकांच्या संमतीनं मी थेरपिस्टशी बोलले आणि पुढच्या भेटीला सगळ्यांना एकत्र बसवलं. काकूंनाही बोलावलं, कारण घरातला बराचसा सराव त्यांच्या हातून व्हायचा, किंवा व्हायचा राहायचा.

त्या बैठकीत मी काकांना विचारलं, नवीन मुलाला कापड कापायला कसं शिकवायचात? ते पहिल्यांदाच नीट सरळ बसले. म्हणाले, "सुरुवातीला त्याच्या हातावर हात ठेवायचो. कापड अगदी खुणेवरून कापलं जायचं. पण ते कापणं माझं असायचं, त्याचं नाही. हात काढला की कात्री वाकडी जाणार. जाऊ द्यायची. चिंध्या द्यायच्या कापायला आणि आपण लांब बसायचं."

थेरपिस्ट हसून म्हणाल्या, "मग मी दुसरं काय करतेय, काका?"

त्यांनी मुलीला जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. सरावाच्या वेळी हालचाल किती छान दिसते ही एक गोष्ट. ती हालचाल दुसऱ्या दिवशी, वेगळ्या जागी, कुणी न सांगता जमते का ही दुसरी गोष्ट. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही, कित्येकदा तर तो उलटा निघतो. 1979 साली शी आणि मॉर्गन या संशोधकांनी विद्यार्थ्यांना हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या: चेंडू उचलायचा आणि छोटे अडथळे ठरलेल्या क्रमाने पाडायचे. एका गटाने पहिली हालचाल पूर्ण घोटली, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून केल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. पण 10 दिवसांनी पुन्हा करायला लावलं तेव्हा मिसळून सराव केलेला गट पुढे होता. एकच हालचाल ओळीनं करताना मागच्या वेळची जुळणी पुढच्या वेळी तशीच वापरता येते. मिसळून करताना ती दर वेळी नव्यानं जुळवावी लागते, आणि घरी, रस्त्यात, दुकानात तेच करावं लागतं.

सूचनांचंही असंच. 1990 साली विनस्टाइन आणि श्मिट यांनी दाखवलं की दर प्रयत्नानंतर निकाल सांगण्यापेक्षा निम्म्याच प्रयत्नांनंतर सांगितला तर शिकलेलं नंतर चांगलं टिकतं. दर वेळी बाहेरून उत्तर आलं की माणूस आपल्या शरीराकडून येणारी खबर वाचायचं सोडून देतो. सांगणारी व्यक्ती घरी नसली की हालचाल कोसळते. मुलीचं "थेरपीत जमतं, घरी जमत नाही" हे वाक्य अगदी खरं होतं. ते काकांच्या इच्छाशक्तीबद्दल काहीच सांगत नव्हतं. आधाराच्या हाताखाली आणि एकाच खुर्चीवर झालेल्या सरावाबद्दल सांगत होतं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर वाचणारं कुणी आजच आधार काढून घ्यायचं. सुरुवातीचे हात धरून घेतलेले दिवस वाया गेलेले नसतात. हालचाल कशी असते याचाच अंदाज नसताना, पडण्याचा धोका असताना, किंवा स्मरणशक्तीवर मोठा परिणाम झालेला असताना जास्त आधार आणि एकसारखा सराव हाच योग्य असतो. शिवाय हे प्रयोग बहुतांश निरोगी माणसांवर झालेले आहेत; मेंदूला इजा झालेल्या प्रत्येकाला ते जसेच्या तसे लागू होतात असं नाही. म्हणून किती मिसळायचं, किती गप्प बसायचं, हे थेरपिस्ट माणूस बघून ठरवतात. आधार केव्हा आणि किती कमी करायचा, हे त्यांचं कसब आहे. बाहेरून ते "नुसतं बसणं" दिसतं, ही त्यातली अडचण.

दुसरी गोष्ट मला घरच्या कपाटावर सापडली. म्हणजे मुलीनं मोबाइलवर फोटो दाखवला. उठण्याच्या पायऱ्या तिने मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवल्या होत्या: पाय मागे घ्या, पुढे वाका, वजन दोन्ही पायांवर, मग उठा. एवढ्यावर थांबली नव्हती. रोज संध्याकाळी ती त्यांची तोंडी परीक्षा घ्यायची. काकांना क्रम आठवायचा नाही. ती म्हणायची, साधं पाठही होत नाही तर करणार काय?

इतक्या मायेनं केलेली गोष्ट आणि तिच्यामुळे रोज संध्याकाळी घरात भांडण. मी तिला एच. एम. या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पेशंटबद्दल सांगितलं. 1953 साली मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नवीन काहीच लक्षात ठेवता येईना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञानं त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावली. 3 दिवसांत त्याचा हात स्पष्टपणे सुधारला, आणि आपण हे आधी केलंय याची त्याला आठवणसुद्धा नव्हती. हात शिकतो ती वाट आणि तोंडानं सांगता येतं ती वाट, मेंदूत या दोन वेगळ्या आहेत. बॉइड आणि विनस्टाइन यांनी 2006 साली स्ट्रोकच्या पेशंटवर केलेल्या अभ्यासात तर असं दिसलं की हालचालीचा क्रम शब्दांत समजावून सांगितल्यानं नकळत होणाऱ्या शिकण्यात अडथळा आला. काकांची स्मरणशक्ती एच. एम.सारखी गेलेली नव्हती. मुद्दा एवढाच की तोंडी परीक्षेत नापास होणं म्हणजे शिकलेलं नसणं नव्हे.

त्या रात्री कागद निघाला. त्याच्या जागी थेरपिस्टनं एकच सूचना दिली. पलंगासमोर थोड्या अंतरावर एक टेबल ठेवायचं आणि म्हणायचं, "टेबलाच्या कडेकडे छाती न्या." गुडघ्यांचं नाव नाही, कमरेचं नाव नाही. लक्ष आपल्या अवयवांवर ठेवण्यापेक्षा बाहेरच्या एखाद्या गोष्टीवर ठेवलं तर हालचाल जास्त सहज होते, हे गाब्रिएल वुल्फ यांनी 1998 पासूनच्या अभ्यासांतून मांडलं आहे. काकांना हे लगेच मानवलं. गुडघ्याचा विचार करताना ते मध्येच अडकायचे. टेबलाकडे जाताना उठून जायचे.

काकूंचा भाग सर्वांत नाजूक होता. शर्टाची बटणं त्या लावायच्या, चष्मा त्या हातात द्यायच्या, पलंगावरून हाक आली की दोन्ही बाहू धरून उठवायच्या. काकांचा उजवा हात मांडीवर पडून असायचा. एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या प्रयोगांत ही स्थिती ओळखली आणि तिला शिकलेला अ-वापर असं म्हटलं: सुरुवातीला हात चालत नाही म्हणून वापरला जात नाही, आणि पुढे थोडा चालायला लागला तरी न वापरण्याची सवय लागलेली असते. त्यातूनच चांगल्या हातावर जाड मोजा घालून कमजोर हाताकडून काम करून घेण्याची पद्धत आली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एक्साइट चाचणीत 222 पेशंट होते, स्ट्रोकनंतर 3 ते 9 महिन्यांच्या टप्प्यातले. 2 आठवड्यांच्या या उपचाराचा फायदा वर्षभरानंतरही दिसला. मात्र त्यासाठी मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता यायला हवीत, आणि ज्याचा तोल कच्चा आहे त्याचा चांगला हात बांधणं धोक्याचं. घरच्या घरी करून बघण्याची ही गोष्ट नाही. काकांच्या बाबतीत थेरपिस्टनं मोजा घातला नाही, पण तत्त्व घेतलं.

काकूंना मी "मदत करू नका" असं सांगितलं नाही. इतकी वर्षं ज्यांच्या हातांनी माया केली त्यांना हात बांधून बस म्हणणं क्रूर आहे, आणि त्या ऐकणारही नव्हत्या. आम्ही वाटणी केली. रोजची काही कामं पूर्ण काकूंची: घाई असेल, काका थकलेले असतील, कुठे जायचं असेल तेव्हा बिनधास्त करा. काही कामं काकांची: शर्टाची खालची बटणं, चष्मा उचलून घालणं, दुपारी पलंगावरून उठणं. त्या वेळी काकूंनी जवळ उभं राहायचं, धोका दिसला तर धरायचं, नाहीतर थांबायचं. उठल्यावर लगेच शेरा द्यायचा नाही. आधी विचारायचं, "कसं झालं वाटतं?" कुठली कामं काकांची, हे काकांनीच निवडलं. निवड स्वतःची असली की शिकणं बरं होतं असं अभ्यासही सांगतात, पण मला त्यात दुसरंच महत्त्वाचं वाटलं. आजारपणानंतर त्या घरात त्यांना कुणी काही ठरवायलाच दिलं नव्हतं.

बटणांपासून ते आपणहून कापडाच्या चिंध्यांवर गेले. डाव्या हातात कात्री, उजव्या हाताने कापड दाबून धरायचं. थेरपिस्टला हे कळल्यावर त्यांनी हाताचे सुटे व्यायाम कमी करून यालाच सराव केलं. कधी जाड कापड, कधी सुळसुळीत, कधी टेबल उंच, कधी मांडीवर. आकड्यांचा विचार केला तर हे फार मोलाचं ठरतं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात स्ट्रोकनंतरच्या थेरपीच्या एका बैठकीत हाताच्या उपयुक्त हालचाली सरासरी 32 वेळा झाल्याचं दिसलं. मेंदूतले बदल दाखवणाऱ्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत हीच संख्या शेकड्यांत असते. थेरपीचा तास कितीही चांगला असला तरी उरलेली संख्या घरातूनच येणार, आणि ज्या कामात जीव आहे तेच काम माणूस शेकडो वेळा करतो.

मुलीसाठी मी एकच गोष्ट बदलली: प्रगती कशी बघायची. आजचं आजच मोजायचं नाही. सकाळी, सराव सुरू होण्याआधीचं पहिलं उठणं बघायचं, आणि ज्या खुर्चीवर कधी सराव केला नाही तिच्यावरून उठणं बघायचं. तिला पुरावा हवा होता आणि हा पुरावा खरा होता. पहिले काही दिवस काही दिसलं नाही; तिचा मला चिडून फोनही आला. मग एकदा पाहुण्यांच्या घरच्या खोल सोफ्यातून बाबा उठले, आणि ते उठले हे तिच्या लक्षात आलं ते दारात पोचल्यावर.

सगळं काही परत आलेलं नाही. उजव्या हातानं कात्री चालत नाही. तो हात आता धरतो, दाबतो, मदत करतो. थकले की संध्याकाळी पलंगावरून अजून हाक येते, आणि काकू जातात. मुलीच्या तोंडून गेलेला तो शब्द काकांच्या मनातून पूर्ण गेलाय का, हे मी विचारलं नाही. दोघं आता भेटीला एकत्र येतात आणि खुर्चीत शेजारी बसतात.

सध्या काम चालणं आणि बोलणं एकत्र करण्यावर आहे. बोलायला लागल्यावर ज्यांना चालणं थांबवावं लागतं अशा वृद्धांत पुढच्या 6 महिन्यांत पडण्याचं प्रमाण जास्त असतं, असं 1997 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नोंदवलं होतं. काका अजून थांबतात. म्हणून बाहेर रस्त्यावर चालताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असं ठरलंय, आणि विभागातल्या लांब मोकळ्या वाटेवर थेरपिस्ट बाजूला चालत त्यांना मुद्दाम प्रश्न विचारतात, बहुतेक वेळा शिवणकामाचेच. परवा मुलगी मला विचारत होती, "अडखळले तर मी मध्ये पडू का नको?" मी तिला थेरपिस्टकडे पाठवलं. तिथून ती उत्तर घेऊन आली: तोल जात असेल तर लगेच धरायचं, नुसते शब्द अडखळत असतील तर चालू द्यायचं.