हीट पंपावरचा बर्फ साठवलेल्या उष्णतेनं काढतात म्हणजे नेमकं काय करतात?

तुमचा प्रश्न असा, की थंड प्रदेशात इलेक्ट्रिक गाडीच्या हीट पंपावर (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून केबिन गरम करणाऱ्या यंत्रणेवर) धरणारा बर्फ साठवलेल्या उष्णतेनं कसा काढतात, आणि मुंबईकरानं हे का समजून घ्यावं. मी रेफ्रिजरेटेड व्हॅनच्या कूलिंगचं काम करतो. हे दुखणं मुंबईतही रोज दिसतं.

ससून डॉकवरून मासळी भरून निघालेल्या व्हॅनचं दार प्रत्येक ठिकाणी उघडतं. जुलैची दमट हवा आत शिरते आणि आतल्या कॉइलवर, म्हणजे थंड गॅस फिरणाऱ्या नळ्यांवर, बर्फ धरतो. तिच्या फिन्समधल्या (पातळ पत्र्यांमधल्या) फटी बुजल्या की फॅन नुसता गरगरतो, हवा पुढे सरकतच नाही. मग डीफ्रॉस्टला, म्हणजे बर्फ वितळवायला, टाकायचं: कॉम्प्रेसरचा गरम गॅस थेट कॉइलमध्ये सोडला, की जरा वेळानं ड्रेनच्या नळीतून पाणी ठिबकायला लागतं.

हीट पंपात हीच कॉइल गाडीच्या पुढच्या जाळीमागे असते. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढायची तर ती हवेहून थंड हवी, आणि शून्याखाली गेली की तिच्यावर बर्फ धरतो. जास्त त्रास कडाक्याच्या थंडीत नसतो, शून्याच्या आसपासच्या ओल्या हवेत असतो. ० अंशाला एका घनमीटर हवेत जवळपास ५ ग्रॅम बाष्प मावतं, उणे २० ला जेमतेम १ ग्रॅम.

सोपा उपाय म्हणजे गॅसचं चक्र उलटं फिरवायचं. पण मग उष्णता केबिनमधून ओढली जाते. बाहेर बर्फ वितळतो आणि आत माणसं कुडकुडतात. हे मला अजिबात पटत नाही, कारण उष्णता गाडीतच दुसरीकडे पडून असते.

हिशोब बघा. ० अंशावरचा १ किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. ४०० किलोंचा बॅटरी पॅक घ्या, किलोमागे अंशाला साधारण १ किलोज्यूल धरा. पॅक एका अंशानं निवला, की ४०० किलोज्यूल हातात! बॅटरी आणि मोटरभोवती फिरणारं कुलंट (त्यांना थंड ठेवणारं द्रव) ही उष्णता चिलरपर्यंत, म्हणजे कुलंट आणि गॅस शेजारून वाहतात त्या भागापर्यंत, आणतं, तिथे गॅस ती उचलतो आणि कॉम्प्रेसर तिचं तापमान चढवून बाहेरच्या कॉइलला देतो. म्हणून कुलंट १०–१५ अंशांचं असलं तरी भागतं. टेस्लानं २०२० च्या मॉडेल वायमध्ये बसवलेला ऑक्टोव्हॉल्व्ह कुलंटच्या अशाच वाटा बदलतो.

खरं कसब वेळ साधण्यात आहे. कॉइल पूर्ण गच्च होईपर्यंत थांबलात तर तोवर हीट पंप उगाच धापा टाकत चालतो, आणि उठसूट डीफ्रॉस्ट केलंत तर वीज वाया जाते. त्या वेळी फॅन बंद आणि पुढच्या जाळीची झडप मिटलेली हवी, नाहीतर थंड वारा सगळी उष्णता घेऊन जातो. पाणीही पूर्ण निथळू द्यावं लागतं. खालच्या फिन्समध्ये राहिलेलं पाणी पुन्हा गोठलं, की तो घट्ट बर्फ काढणं फार जड जातं.

उष्णता धरून ठेवणाऱ्या मेणासारख्या पदार्थाची वेगळी टाकीही बसवता येते, पण एवढी मोठी बॅटरी असताना ते वजन कशाला वाहायचं, असं माझं मत.

रात्रभर उघड्यावर गारठलेल्या बॅटरीकडून मात्र फार काही मिळत नाही. मुंबईत तुम्हाला याची गरज पडणार नाही, पण हिवाळ्यात गाडी मनालीला नेणार असाल तर रात्री चार्जरला लावून ठेवा, आणि गाडीत प्री-हीटिंगची सोय असेल तर निघण्याआधी ती चार्जरच्या विजेवरच चालवा.