‘कडी-कुलूप धरून’ बाराशे

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या एका वाचकांनी सहा दरवाजांचं बिल पाठवलंय. जुना फ्लॅट, आतले सगळे दरवाजे बदलले: चार खोल्यांचे, दोन बाथरूमचे. फ्लश डोअरचे पल्ले, बिजागऱ्या आणि कुलपं यांनी आणली, मजुरी सुतारमिस्त्रीची. दर ठरला तो व्हॉट्सॲपच्या एका व्हॉइस नोटवर: ‘एका पल्ल्याला बाराशे, कडी-कुलूप धरून.’ काम संपल्यावर बिल आलं १५,५०० रुपयांचं. आगाऊ ५,००० दिलेले, आता मिस्त्री १०,५०० मागतोय. त्यात पावसाळ्यात बाथरूमचे दोन्ही पल्ले खालून फुगले, म्हणून वाचकांचं म्हणणं, ‘एक रुपयाही देणार नाही, बरोबर ना?’

बरोबर नाही. पण १०,५०० सुद्धा लागत नाहीत.

अशी पत्रं महिन्याला चार येतात. कधी सुतार, कधी फरशीवाला, कधी प्लंबर. दर तोंडी, बिल कागदावर आणि दोन्हींचा मेळ नाही. तोंडी करारही करारच असतो, हे पुन्हा सांगत बसत नाही. बिलाकडे वळू.

सहा पल्ले बसवण्याचे ७,२०० यावर वाद नाही. वरचे ८,३०० असे: चार मॉर्टिस कुलपं (पल्ल्याच्या कडेत खोदून बसवायची) बसवण्याचे दर कुलपाला ४५० प्रमाणे १,८००, सहा कड्यांचे ९००, सहा स्टॉपरचे ६००, जुने पल्ले काढण्याचे १,२००, दोन चौकटी तासण्याचे ३,०००, गाडीभाडं ८००.

सगळं अडलंय ते ‘धरून’ या एका शब्दावर. तो शब्द मिस्त्रीचा, त्याच्याच आवाजातला. संदिग्ध शब्दाचा अर्थ तो वापरणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हा कराराचा जुना नियम तुमच्या बाजूचा आहे. कुलपं तुम्ही आणलेली, त्यामुळे ‘कुलूप धरून’ याचा अर्थ कुलपाची किंमत धरून असा होऊच शकत नाही. उरते ती बसवण्याची मजुरी. मात्र हे सिद्ध करायला हार्डवेअरच्या दुकानाचं बिल लागेल, आणि ते तुम्ही सोबत जोडलेलं नाही. शोधा.

मिस्त्री यावर काय म्हणेल तेही ऐकून ठेवा. तो म्हणेल, मी कुलूप म्हणालो ते साधं, वरून स्क्रूने मारायचं. मॉर्टिसचं काम वेगळं असतं, आणि ते खोटंही नाही. पस्तीस मिलिमीटर जाडीच्या पल्ल्याच्या कडेत कुलपाच्या पेटीएवढं खोल घर खोदायचं, हँडलची आणि चावीची भोकं दोन्ही अंगांनी एका रेषेत पाडायची, मग चौकटीत पट्टीचं घर वेगळं. घर जरा तिरकं गेलं की पल्ल्याची कड फुटते, नाहीतर कुलपाची जीभ पट्टीवर आपटत राहते. त्यामुळे बरेच सुतार पल्ला लटकवण्याचे वेगळे आणि मॉर्टिसचे वेगळे पैसे घेतात. न्यायाधीशाच्या घरीही दरवाजे असतात. हा युक्तिवाद त्यांना पटू शकतो.

म्हणून तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे जे तुम्ही जाता जाता लिहिलंय: ‘कुलपाचा फोटो मी त्याला पाठवला होता.’ कधी पाठवला? व्हॉइस नोटच्या आधी की नंतर? आधी पाठवला असेल तर मिस्त्रीने मॉर्टिस कुलूप डोळ्यांनी बघून ‘धरून’ म्हटलं, आणि १,८०० अधिक ९०० असे २,७०० बिलातून गेले. नंतर पाठवला असेल तर कड्यांचे ९०० तरीही जातात, पण कुलपांच्या १,८०० वर तुमची बाजू लंगडी पडते. त्या दोन मेसेजच्या वेळांवर सगळं आहे, आणि नेमक्या त्याच तुम्ही लिहिल्या नाहीत. ‘नवा फोन घेतला, जुना मुलाकडे आहे’ एवढंच लिहिलंय.

तो जुना फोन आजच परत घ्या, आणि रीसेट करू देऊ नका. चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसण्याची सोय चालू असेल तर बंद करा. व्हॉइस नोट दुसऱ्याला फॉरवर्ड करून ‘जपून ठेवली’ असं समजू नका. पुढे गेलेल्या प्रतीवर मूळ वेळ नसते. चॅट एक्स्पोर्ट करा, पण मूळ फोनही ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. त्याच्या नमुन्यात एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जरा बदलली तरी बदलणारा तिचा ठसा-क्रमांक, नोंदवायची. आठ हजारांच्या भांडणाला हे जड वाटेल. वाटू द्या. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेलं तर समोरचा वकील पहिली हरकत यावरच घेईल. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम इतके ताठ लावत नाहीत, तरी भरवसा नको.

बाकीच्या रकमा पटकन बघू. स्टॉपरचे ६०० देऊन टाका. तो ना कडी ना कुलूप. जुने पल्ले त्याने काढले असतील तर १,२०० सुद्धा द्यावे लागतील असं धरून चाला. करार कायद्याचं कलम ७० म्हणतं की कोणी फुकट करायचा हेतू नसताना तुमच्यासाठी रीतसर काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर वाजवी मोबदला द्यायचा, दर ठरला नसला तरी. वाजवी म्हणजे किती, याचं सरकारी दरपत्रक खासगी कामाला नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची कोणी पुढे केली तर ती सरकारी कामांची, साहित्यासकट दरांची असते; मिस्त्रीवर ती बंधनकारक नाही. गाडीभाड्याचे ८०० कोणत्या सामानाचे, ते विचारा. तुमचे पल्ले त्याने दुकानातून आणले असतील तर द्या. त्याची हत्यारं आणायची गाडी असेल तर नाही.

चौकटींच्या ३,००० बद्दल मी छातीठोकपणे सांगणार नाही. चौकट ओळंब्यात नसेल तर पल्ला आपोआप उघडतो किंवा मिटतो, म्हणून खोबण तासावी लागते, जुन्या बिजागऱ्यांची घरं बुजवून नवी पाडावी लागतात. काम खरं असू शकतं. पण त्या दिवशी तुम्ही अंबडला कामावर होतात आणि संध्याकाळी येऊन पाहता तर चौकटी तासलेल्या, असं तुम्ही लिहिता. कलम ७० ला लाभ नाकारायची संधी मिळालेली असावी लागते, आणि ती तुम्हाला मिळाली नाही. हा तुमचा चांगला मुद्दा. वाईट मुद्दा असा की पल्ल्यांची मापं कोणी घेतली? तुम्ही तयार ३६ इंची पल्ले आणलेत आणि खोबणीचं माप निघालं साडेचौतीस. जुना दरवाजा ३६ चा ‘वाटला’ म्हणून टेप न लावता ऑर्डर दिली असेल, तर पल्ले कापण्याचा आणि चौकटी जुळवण्याचा बराचसा भार तुमच्याकडे येतो. मापं मिस्त्रीने घेतली असतील तर चित्र उलटं. अर्ध्यावर तडजोड झाली तर करून टाका.

आता फुगलेले पल्ले. फ्लश डोअरच्या कडेला लाकडी पट्टी असते, लिपिंग म्हणतात ती. दीड इंच एकाच बाजूने कापला की त्या बाजूची पट्टी जाते आणि आतला भराव उघडा पडू शकतो. उत्पादकाची वॉरंटी मागायला गेलात तर तो नेमकं हेच दाखवेल. पण तुमचे पल्ले फुगलेत खालून. खालची धार बहुधा रंगवलीच नाही. पल्ला लटकल्यावर ती कोणाला दिसत नाही, आणि बाथरूमचं पाणी मात्र तिथूनच शिरतं. मोबाइलचा कॅमेरा जमिनीलगत वर करून धरा आणि फोटो काढा. धार कोरी असेल तर पुढचा प्रश्न: ती झाकायची जबाबदारी कोणाची? मिस्त्रीने पल्ला लटकवण्यापूर्वी सांगायला हवं होतं, हे म्हणता येईल. रंगारी वेगळा असेल तर मिस्त्री त्याच्याकडे बोट दाखवेल, आणि त्यातही दम आहे. म्हणूनच ‘पल्ले फुगले, सगळे पैसे बंद’ टिकत नाही. दुरुस्तीचा खर्च वजा करायचा असेल तर आधी त्याला लेखी कळवून आठ दिवसांची संधी द्या, नाही आला तर दुसऱ्या सुताराकडून रकमेसह अंदाजपत्रक घ्या. परस्पर नवे पल्ले बसवलेत तर जुने टाकू नका, तोच पुरावा.

तुम्ही विचारता, वाद मिटवायला १०,५०० चा चेक देऊन मग बँकेत थांबवू का? कृपा करून असलं काही करू नका. थांबवलेला चेकही निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली येऊ शकतो. चेक परत गेल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याची नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला पंधरा दिवस, त्यानंतर महिन्याभरात फौजदारी तक्रार. दिवाणी भांडण हाताने फौजदारी करून घ्याल.

न्यायालयाचा रस्ता लांबचा आहे. मिस्त्रीला काम संपल्यापासून तीन वर्षं दावा करता येतो. तुम्हाला सदोष सेवेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षं आहेत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. नाशिकच काय, कुठेही त्या तारखेवर विसंबून दरवाजे बदलायचे थांबू नका. त्यापेक्षा जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्या आणि लोकअदालतीत बसा. दोघांनी सही केलेली तडजोड हुकूमनाम्यासारखी बांधते, वर अपील नाही. मिस्त्री यायला तयार हवा, एवढीच अट.

राहिला तो अंगठा. बिल आल्यावर तुम्ही त्याला उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवलात, आणि आता म्हणता ‘बिल पोचलं’ एवढाच त्याचा अर्थ होता. न्यायालय तो कसा वाचेल ते आधी सांगता येत नाही. पूर्वी सावकाराच्या वहीवर अंगठा उमटवताना माणसं निदान दोनदा विचारायची. तो आता काढून टाकू नका. मिस्त्रीकडे स्क्रीनशॉट असेल तर पुरावा पुसल्यासारखं दिसेल. त्याच चॅटमध्ये, त्याच्या खाली, आजच्या तारखेला हे लिहा:

‘तुमचं १५,५०० चं बिल पोचल्याचं मी कळवलं होतं, मान्य केलं नव्हतं. पल्ले ७,२००, स्टॉपर ६००, जुने पल्ले काढणे १,२०० असे ९,००० मान्य. आगाऊ ५,००० वजा जाता ४,००० आज यूपीआयने पाठवत आहे. कडी-कुलपाचे २,७०० तुमच्या व्हॉइस नोटप्रमाणे दरात धरलेले असल्याने अमान्य. चौकटींचे ३,००० मला न विचारता केलेल्या कामाचे असल्याने अमान्य. गाडीभाडं कशाचं ते कळवा. बाथरूमचे दोन पल्ले खालून फुगले आहेत, आठ दिवसांत येऊन पाहा.’

फोटो व्हॉइस नोटच्या नंतरचा निघाला, तर पाठवण्यापूर्वी २,७०० च्या जागी ९०० करा आणि कुलपांच्या १,८०० बद्दल ‘बसून बोलू’ एवढंच लिहा. पैसे मेसेज गेल्यावर पाठवा, आधी नाही.